प्लॅन नाइन आणि माझी वेलांटी

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका रविवारी, जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणलेल्या एका थिंकपॅडवर मी प्लॅन नाइन नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बसवली आणि सवयीप्रमाणे पहिली फाइल उघडली ती मराठी. फाइल दुसऱ्या संगणकावर लिहून आणलेली होती आणि तिच्यातला पहिला शब्द 'किती' होता. पडद्यावर आधी क उमटला, त्यानंतर सुटी ऱ्हस्व वेलांटी आली आणि ती मागच्या क कडे वळण्याऐवजी पुढच्या त च्या गळ्यात पडली. 'किती' चे 'कतिी' झाले. पुढच्या ओळीतल्या 'ज्ञानेश्वर' या शब्दाची तर पाय मोडलेली अक्षरे एकापुढे एक उभी होती. फॉण्ट बरोबर होता, फाइल बरोबर होती, आणि सिस्टिमही तिच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे एकही चूक करत नव्हती. तिला फक्त मराठी अक्षर जुळवता येत नव्हते.

थिंकपॅडच घेण्याचे कारण असे, की प्लॅन नाइनला माउसची तीन बटणे लागतात आणि त्या लॅपटॉपवर ती तिन्ही शाबूत असतात. एखाद्या सिस्टिमच्या प्रेमात पडून तिच्यासाठी यंत्र शोधत बाजार हिंडणे हा शहाणपणा नव्हे, हे मला तेव्हाही कळत होते. पण कॉलेजच्या ग्रंथालयात तिच्याविषयी पहिल्यांदा वाचल्यापासून ती मनात घर करून राहिलेली होती, आणि पोटापाण्यासाठी इतकी वर्षे संगणकाच्या ज्या सिस्टिमांवर काम केले, त्यांतली एकही मला सुंदर म्हणावीशी वाटलेली नव्हती.

प्लॅन नाइनचा जन्म अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे, बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत झाला. त्याच ठिकाणी १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात केली होती. युनिक्स जगभर पसरले आणि पसरताना वाढत्या कुटुंबाच्या वाड्यासारखे झाले : जिथे गरज पडली तिथे एक खोली काढली, जिथे जिना बसेना तिथे शिडी लावली. नेटवर्क आले, त्याला वेगळा दरवाजा. चित्रमय पडदा आला, त्याला आणखी वेगळा. ऐंशीच्या दशकात रॉब पाइक, थॉम्पसन, डेव्ह प्रेसोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले, की डागडुजी पुरे झाली, आता पायापासून बांधायचे. आपलीच गाजलेली निर्मिती बाजूला ठेवून पुन्हा कोऱ्या कागदावर बसणारी माणसे मुळातच थोडी असतात. नव्या सिस्टिमला त्यांनी जे नाव दिले ते एड वुडच्या एका कुप्रसिद्ध टुकार चित्रपटाच्या नावावरून घेतले, यावरून त्यांचा विनोदही कळतो आणि विक्रीखात्याविषयीची बेफिकिरीही.

तिचे सौंदर्य शब्दांत सांगणे अवघड आहे, कारण ते डोळ्यांना दिसणारे नाही. युनिक्समध्ये 'सगळे काही फाइल आहे' असे म्हणण्याची पद्धत होती, पण ते म्हणणे अर्धवट खरे होते. प्लॅन नाइनने ते शब्दशः पाळले. दुसऱ्या संगणकाशी जोडणी करायची असेल तर एक फाइल उघडायची, तिच्यातून मिळालेल्या क्रमांकाच्या कप्प्यात जाऊन नियंत्रणाच्या फाइलीत पत्ता लिहायचा आणि शेजारच्या फाइलीतून मजकूर वाचायचा किंवा तिच्यात तो लिहायचा. चालू असलेले प्रोग्रॅम म्हणजे फाइली, माउस म्हणजे फाइल, पडद्यावरची प्रत्येक खिडकी म्हणजे फाइलींचा छोटासा संच. आणि या सगळ्यांशी बोलण्याची भाषा एकच, नाइनपी नावाची, जिच्यातल्या संदेशांचे प्रकार दीड डझनही भरत नाहीत. फाइल याच यंत्रावर आहे की समुद्रापलीकडच्या, हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कळतच नाही. त्यामुळे दुसऱ्या यंत्राची नेटवर्कची फाइलव्यवस्थाच आपल्याकडे जोडून घेतली, की आपला संगणक त्या यंत्राच्या जोडणीतून बाहेरच्या जगाशी बोलू लागतो. ज्यासाठी इतरत्र स्वतंत्र सॉफ्टवेअर घ्यावे लागते आणि त्याच्याशी झटापट करावी लागते, ते इथे एका आज्ञेत होते. त्याहून मला मोह पडला तो नेमस्पेसचा : प्रत्येक प्रोग्रॅमला दिसणारे फाइलींचे जग त्याच्यापुरते वेगळे मांडता येते, घरातल्या प्रत्येकाला स्वतःच्या गरजेप्रमाणे खोल्या लावून द्याव्यात तसे. खिडक्या सांभाळणारा रिओ हा प्रोग्रॅम त्याच्याच एका खिडकीत पुन्हा चालवता येतो, आणि त्यासाठी त्याच्या कर्त्यांना वेगळे काहीही करावे लागलेले नाही. रचना नेटकी असली की काही गोष्टी आपोआप पदरात पडतात. मी ती खिडकीतली खिडकी, तिच्यातली आणखी एक खिडकी असे उघडत त्या रविवारी बराच वेळ नुसता बसून होतो.

सोमवारी कामाला लागल्यावर दुसरी बाजू दिसू लागली. वरचा बाण दाबून आधीची आज्ञा परत आणण्याची बोटांची सवय. इथे तो बाण खिडकीतला मजकूर सरकवतो. मजकुराने खिडकी भरली की प्रोग्रॅम थांबून राहतो आणि आपण खाली सरकवेपर्यंत पुढे जात नाही. यामागचे तर्कशास्त्र समजून घेतले तर ते पटते, पण ते पटायला आठवडा लागतो. ब्राउझर आहे, मात्र आजची बहुतेक संकेतस्थळे त्यात उघडत नाहीत. बँक नाही, रेल्वेचे तिकीट नाही, कार्यालयाची बैठक नाही. बाहेरचे प्रोग्रॅम आणावेत म्हटले तर ते ज्या सोयी गृहीत धरून लिहिलेले असतात त्या सोयी प्लॅन नाइनने जाणूनबुजून टाकून दिलेल्या आहेत. जुन्या युनिक्सचा भास निर्माण करणारा एक कोपरा त्यांनी ठेवला आहे खरा, पण पाहुण्यांसाठी माळ्यावर जागा करावी तशी ती सोय आहे.

अशी सिस्टिम लोकांनी का घेतली नाही, याचे रूढ उत्तर परवान्याचे आहे आणि ते खोटे नाही. १९९२ साली प्लॅन नाइन फक्त विद्यापीठांना मिळाली, १९९५ साली पुस्तके आणि सीडी मिळून सुमारे ३५० डॉलरना विक्रीस आली आणि तिचा कोड सर्वांसाठी खुला झाला तो २००० साली. त्या आठ वर्षांत लिनक्स नावाचे, रचनेच्या दृष्टीने जुनेच पण कोणालाही फुकट मिळणारे आणि कोणालाही बदलता येणारे युनिक्स जगभर रुजले होते. प्लॅन नाइन १९९२ सालीच खुली झाली असती तर चित्र वेगळे दिसले असते, असे मानणारी जाणती माणसे आहेत. मी मात्र तसे मानत नाही, आणि त्याचे पहिले कारण बीओएस.

बीओएसच्या कर्त्यांना विक्रीची लाज नव्हती. ॲपल सोडून आलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० साली बी ही कंपनी काढली, आणि त्यांनी जी सिस्टिम बनवली ती प्लॅन नाइनसारखी विद्वानांपुरती नव्हती. ती सामान्य माणसाच्या टेबलावरच्या संगणकासाठी होती, दिसायला देखणी होती, काही सेकंदांत सुरू होत होती आणि एकाच वेळी कितीतरी चित्रफिती अडखळल्याशिवाय चालवून दाखवत होती. फाइलींना गुणधर्म चिकटवून त्यांवरून शोध घेण्याची तिची सोय आजही हेवा वाटावा अशी आहे. २००० साली तिची एक आवृत्ती फुकटही मिळू लागली. तरी २००१ साली त्या कंपनीची मालमत्ता अवघ्या १.१ कोटी डॉलरना पाम कंपनीकडे गेली. बी कंपनीचा आरोप मायक्रोसॉफ्टच्या करारांवर होता : हिताचीने आपल्या काही संगणकांवर विंडोजच्या जोडीला बीओएस घालून विकली, पण संगणक सुरू होताना दोहोंतून निवड करण्याची सोय मात्र दिली नाही, त्यामुळे विकत घेणाऱ्याला ती सापडणेच कठीण होते. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००३ साली मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता सुमारे २.३ कोटी डॉलर देऊन ते मिटवले. अन्याय झाला असेल. पण तीच सिस्टिम नव्याने लिहिणारा हायकू हा प्रकल्प २००१ पासून चालू आहे, तो फुकट आहे, खुला आहे, कोणाच्याही करारात अडकलेला नाही, आणि तरी माझ्या ओळखीच्या शंभर संगणकवाल्यांत रोजच्या कामाला हायकू वापरणारा एकही नाही.

आता याच्या शेजारी नेक्स्टस्टेप ठेवावी. ॲपलने १९९६ च्या डिसेंबरात बी कंपनीला डावलून स्टीव्ह जॉब्ज यांची नेक्स्ट ही कंपनी ४० कोटी डॉलरहून अधिक मोजून घेतली. नेक्स्टची सिस्टिमही देखणी, नेटकी आणि ग्राहकांअभावी उपाशी. ॲपलचा पहिला बेत साधा होता : ही नवी पद्धत उत्तम आहे, तेव्हा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आपापले प्रोग्रॅम तिच्यासाठी नव्याने लिहावेत. मॅकसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी त्याला थंड प्रतिसाद दिला. तेव्हा १९९८ साली ॲपलने कार्बन नावाचा एक जोडमार्ग जाहीर केला, ज्यायोगे जुन्या मॅकचे प्रोग्रॅम थोड्या दुरुस्तीने नव्या घरात येऊ शकत होते. आणि ज्यांना तेवढीही दुरुस्ती नको होती त्यांच्यासाठी जुनी सिस्टिमच नव्या सिस्टिमच्या आत चालवण्याची व्यवस्था केली. शुद्धतेच्या दृष्टीने हा भ्रष्टाचारच होता. पण नेक्स्टच्या रचनेला माणसे मिळाली ती या ओझ्यासकट. आज कोट्यवधी लोकांच्या खिशातल्या आयफोनमध्ये तिचेच वंशज आहेत.

अर्थात जुने ओझे उचलले की यश हमखास, असेही नाही. आयबीएमच्या ओएस-टू मध्ये विंडोजचे प्रोग्रॅम इतके चांगले चालत, की खास तिच्यासाठी काही लिहावे असे फारसे कोणाला वाटेना. ते एक वेगळेच दुर्दैव.

मला या सगळ्यातले खरे कोडे प्लॅन नाइनच्या स्वतःच्या पोटात सापडले. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका साध्या खाणावळीत रात्रीच्या जेवणाला बसलेले असताना केन थॉम्पसन यांनी ताटाखाली घालायच्या कागदावर, रॉब पाइक यांच्या साक्षीने, यूटीएफ-८ ची मांडणी केली. जगातल्या सगळ्या लिप्यांतील अक्षरे बाइटांमध्ये कशी लिहावीत याची ती पद्धत काही दिवसांतच प्लॅन नाइनमध्ये सर्वत्र लागू झाली, आणि आज जवळजवळ सारे इंटरनेट तिच्यावर चालते. तुम्ही आता वाचत असलेला हा मजकूर तिच्यातच साठवलेला आहे, दर देवनागरी चिन्हाला तीन बाइट या हिशेबाने. म्हणजे माणसे तीच, जागा तीच, साल तेच. त्यांची सिस्टिम फारशी कोणी घेतली नाही आणि त्यांची अक्षरपद्धती सगळ्यांनी घेतली. दोन्ही सारख्याच सुंदर असताना असे का व्हावे?

फरक जुन्याशी असलेल्या नात्यात आहे. सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारे मानक म्हणजे युनिकोड; त्याची मूळ कल्पना दर अक्षराला सरसकट दोन बाइट देण्याची होती. ती वरवर सुटसुटीत होती, पण तिच्यामुळे जगातली प्रत्येक जुनी इंग्रजी फाइल आणि ती वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम बदलावा लागला असता. थॉम्पसन यांनी मांडणी अशी केली, की जुनी साधी इंग्रजी फाइल एका बाइटाचाही बदल न करता यूटीएफ-८ ची वैध फाइल ठरावी, आणि शून्य बाइट किंवा फाइलीच्या पत्त्यातली तिरकी रेघ यांना वेगळा अर्थ देणारे जुने प्रोग्रॅम बुचकळ्यात पडू नयेत. त्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी जगाचे ओझे आपल्या डोक्यावर घेतले आणि ते दिसू दिले नाही. सिस्टिमच्या बाबतीत मात्र त्यांनी ते ओझे दाराबाहेर ठेवले. पाइक यांनी २००० साली एका भाषणात तक्रार केली होती, की सिस्टिम चालायची तर बाहेरून लादलेली मानके इतकी पाळावी लागतात, की नव्या कल्पनेला जागाच उरत नाही. तक्रार खरी होती. पण त्या मानकांच्या पलीकडच्या टोकाला माणसे बसलेली असतात.

हे मला पुस्तकातून कळले नाही, सदाशिव पेठेतल्या एका मित्रामुळे कळले. तो डीटीपीचे दुकान चालवतो : लग्नपत्रिका, कार्यअहवाल, दिवाळी अंकांच्या जाहिराती. त्याच्या कोपऱ्यातल्या संगणकावर अजून पाने जुळवण्याचा पेजमेकर हा जुना प्रोग्रॅम आहे, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची आहे, आणि त्याच्या फाइलींतली मराठी युनिकोडची नाही. जुन्या फॉण्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी तुकडे बसवलेले असत, आणि टाइपरायटरसारखी वेलांटी आधी, मग अक्षर असे टंकावे लागे. त्या फाइलीतून एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली तर निव्वळ रोमन कचरा दिसतो. मी त्याला युनिकोडचे महत्त्व, उच्चारक्रमाने अक्षरे साठवण्यातली शास्त्रीयता वगैरे सगळे समजावून सांगितले. त्याने ट्रेसिंगवर काढलेली एक पत्रिका माझ्यापुढे धरली आणि विचारले, "अरे, यात वेलांटी चुकलीय का कुठे?"

चुकली नव्हती. त्याच्या यंत्रात साठवणीचा क्रम उलटा आणि कागदावरचा शब्द सुलटा होता. माझ्या लाडक्या यंत्रात साठवणीचा क्रम सुलटा आणि पडद्यावरचा शब्द उलटा होता. गंमत अशी, की त्याचा तो जुगाड प्लॅन नाइनवर कदाचित व्यवस्थित दिसला असता, कारण दर खुणेला एक चित्र आणि चित्रे डावीकडून उजवीकडे एकापुढे एक, एवढेच दोघांचेही गृहीत आहे. ते गृहीत इंग्रजीला पुरते, ग्रीकला पुरते, जपानीलाही पुरते. देवनागरीला पुरत नाही. आपली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी. रफार आपल्या अक्षराच्या आधी उच्चारला जातो आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. आणि मराठीपुरते पाहिले तर 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक जपला नाही, तर गुरूंना दक्षिणा देण्याऐवजी ती स्वयंपाक्याला जाते. इतर सिस्टिमांवर हे सगळे सांभाळण्यासाठी हार्फबझसारखी सॉफ्टवेअर आहेत, आणि त्यांच्यातला भारतीय लिप्यांचा भाग उघडून पाहिला तर तो नियमांचा कमी आणि अपवादांचा अधिक वाटतो. या लिपीत असे, त्या लिपीत तसे, अमुक जुन्या फॉण्टांची खोड म्हणून तमुक तडजोड. प्लॅन नाइनच्या कोणत्याही कर्त्याने तो कोड पाहून नाक मुरडले असते, आणि मीही मुरडले. पण माझे आडनाव त्या कोडमुळे पडद्यावर धड दिसते.

रचनेतले सौंदर्य बहुतेक वेळा नकारातून येते. काय आपल्या कक्षेबाहेरचे आहे हे ठामपणे ठरवल्याखेरीज दीड डझन संदेशांत सगळे जग मावत नाही. थॉम्पसन आणि पाइक यांनी जोडाक्षरांचा प्रश्न अज्ञानाने सोडलेला नव्हता; अशा लिप्यांची जुळणी आपल्या सिस्टिममध्ये नाही, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. त्यांनी तो कक्षेबाहेर ठेवला. ब्राउझर, जुने प्रोग्रॅम, छपाईची यंत्रे, बँकांची संकेतस्थळे हीही अशीच एकेक करून बाहेर राहिली, आणि दर वेळी बाहेर ठेवण्याचे कारण सबळ होते. वापरणारा माणूस मात्र निव्वळ अशा बाहेर ठेवलेल्या गोष्टींचा बनलेला असतो. एकाला पंधरा वर्षांपूर्वीचा हिशेबाचा प्रोग्रॅम लागतो, दुसरीला कार्यालयाने ठरवून दिलेली बैठकीची सोय लागते, आणि मला माझी वेलांटी लागते. प्रत्येकाची गरज क्षुल्लक, प्रत्येकाची वेगळी, आणि ती एक भागली नाही तर बाकी सगळी रचना कितीही देखणी असली तरी त्याच्या दृष्टीने ते घर राहण्यासारखे नसते. तो दारातून परत फिरतो आणि कारण विचारले तर 'सवय नाही' एवढेच सांगतो.

प्लॅन नाइनच्या कल्पना मात्र दारात थांबल्या नाहीत, त्या चोरपावलांनी दुसऱ्यांच्या वाड्यात शिरल्या. लिनक्समधली नेमस्पेसची कल्पना तिच्याकडून आली आणि आज कंटेनर म्हणून, म्हणजे प्रोग्रॅमला त्याच्या वेगळ्या कप्प्यात चालवण्याची पद्धत म्हणून, जे काही चालते ते तिच्या आधारावर उभे आहे. विंडोजने २०१९ साली आपल्या पोटातल्या लिनक्सच्या फाइली दाखवण्यासाठी निवडली ती भाषा नाइनपी. पाइक, थॉम्पसन आणि रॉबर्ट ग्रीझमर यांनी गूगलमध्ये तयार केलेली आणि २००९ साली जाहीर झालेली गो ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा सुरुवातीला ज्या कंपायलरांवर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करणाऱ्या साधनांवर, उभी राहिली ते प्लॅन नाइनचे होते. या सगळ्या ठिकाणी त्या कल्पनांना शिड्या, माळे आणि वाकडे जिने यांच्या संगतीत राहावे लागते, आणि त्यांची तिथे तक्रार दिसत नाही.

थिंकपॅड अजून कपाटात आहे. अधूनमधून मी तो काढतो, खिडकीत खिडकी उघडतो, एखादा छोटा प्रोग्रॅम लिहितो आणि दोन तास अतिशय आनंदात जातात. हा लेख मी त्याच्यावर लिहिला नाही. पण पूर्ण झाल्यावर फाइल त्याच्यावर नेऊन उघडली. 'किती' हा शब्द दोन्ही यंत्रांत बारा बाइटांचा आहे, बाइट तेच आहेत, त्यांचा क्रमही तोच आहे. इकडे वेलांटी क च्या आधी उभी होती. तिकडे ती अजून त च्या गळ्यात होती.